नैराश्यात डोळ्यांच्या हालचालींची थेरपी: बोटं हलण्याआधी काय ठरतं

ईएमडीआर म्हणजे त्रासदायक आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांमागे डोळे फिरवायची थेरपी. तिच्याबद्दल ऐकून आलेला माणूस पहिल्या भेटीत आमच्या बोटांकडे बघत बसतो. कुणीतरी त्याला सांगितलेलं असतं की डोळे इकडून तिकडे फिरवले की मन हलकं होतं. नैराश्याच्या रुग्णाबाबत पहिल्या दोन-तीन, कधी चार भेटींत डोळे फिरवायचा विषयच निघत नाही. हे ऐकून काही जण हिरमुसतात, आणि ते आम्ही समजू शकतो. पण गोव्यात हे काम करताना आमची खात्री होत गेली आहे की उपचार लागू पडणार का, हे बरंचसं या सुरुवातीच्या भेटींतच ठरतं. कुठली आठवण निवडली, माणूस किती तयार झाला, झोप आणि औषधं कशी आहेत, घरी काय चाललंय आणि तो मध्येच सोडतो की शेवटपर्यंत येतो, यावर सगळं अवलंबून असतं. बोटांचं कौशल्य लागतं, पण ते यानंतर.

आधी पुराव्याचं सांगतो, कारण अपेक्षा तिथूनच ठरतात. फ्रॅन्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ पासून ही पद्धत बांधत नेली आणि १९८९ मध्ये तिचा पहिला अभ्यास छापला. तो आघातानंतरच्या ताणविकाराचा होता. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची शिफारस केली तीही आघाताच्या आजारासाठीच. नैराश्यासाठीचा पुरावा अजून त्या तोडीचा नाही. अभ्यास लहान आहेत आणि त्यातले बरेच कच्चे आहेत. २०१८ मध्ये इटली आणि स्पेनमधल्या ६६ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य पुन्हा पुन्हा उलटणारे आणि औषधं चालू असलेले हे लोक होते. एका गटाला ईएमडीआर, दुसऱ्याला सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी नेहमीची थेरपी), साधारण पंधरा-पंधरा भेटी. उपचार संपले तेव्हा ईएमडीआरचा गट पुढे होता. सहा महिन्यांनी दोघांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. म्हणून आम्ही सरळ सांगतो की हा उपचार औषधांच्या आणि नेहमीच्या थेरपीच्या जोडीला करायचा, त्यांना बाजूला सारून नाही.

गोव्यात तर नेहमीच्या थेरपीचंही मोठं काम झालेलं आहे. इथल्या ‘संगथ’ संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींची थेरपी देऊन पाहिली. सुटलेली कामं, भेटीगाठी, हालचाल थोडी थोडी परत सुरू करायची, हा तिचा गाभा. मध्यम ते तीव्र नैराश्यात तिचा फायदा २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याच्या नैराश्यामागे ठळक अपमान, ताटातूट, मृत्यू, अपघात किंवा मारहाण सापडत नाही, त्याला आम्ही आधी त्या वळणाच्या उपचाराकडे पाठवतो. सापडते, त्याला ईएमडीआरचा उपयोग होण्याची शक्यता आमच्या अनुभवात जास्त.

ते सापडवायचं कसं? आडवा कागद घेऊन मधोमध रेघ मारायची. रेघेखाली नैराश्याचे आजवरचे झटके, महिना-वर्षासकट. वर, प्रत्येक झटक्याच्या आधीच्या सहा महिन्यांत काय काय घडलं ते. नैराश्यातला माणूस सुरुवातीला ‘सगळं आयुष्यच तसं’ असं म्हणतो. ते खोटं नसतं, पण त्यावर काम करता येत नाही. प्रसंग लागतो: जागा, वेळ, कोण कुठे उभं होतं.

समजा, डिचोलीकडचा पन्नाशीतला माणूस आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा त्याचा ट्रक दारात उभा राहिला. पुढे काम थोडं सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झालं. त्याला विचारलं तर तो खाणबंदी सांगेल, कर्ज सांगेल. दोन्ही खरं. पण कागदावर रेघ मारत गेलो की दिसतं, झोप उडाली ती त्यानंतर काही महिन्यांनी, कर्जवसुलीची माणसं अंगणात येऊन उभी राहिली त्या सकाळी. शेजारचे लोक गडग्याच्या पलीकडून बघत होते आणि मुलगा शाळेच्या कपड्यांत पायरीवर होता. आपल्याला हवं ते हे चित्र. खाणबंदीवर डोळे फिरवून काही होत नाही, या सकाळीवर होतं.

मग त्याला विचारायचं: छातीवरचं हेच ओझं, हीच लाज याआधी कधी आली होती? डोक्यानं शोधायला लावायचं नाही, शरीरातली जाणीव धरून मागे जाऊ द्यायचं. बहुतेकदा दहावीचा निकाल, वडिलांचं न बोलणं, असं काहीतरी वर येतं. पद्धतीचा मूळ नियम सर्वांत जुनी आठवण आधी घ्यायची असा आहे. नैराश्यात आम्ही बहुधा उलटं करतो. ज्या प्रसंगानं आत्ताचा झटका सुरू झाला तो आधी, जुना नंतर. माणसाकडे ताकद कमी असते. पहिल्या दोन-तीन कामाच्या भेटींत आजच्या जगण्यात थोडा फरक दिसला नाही तर तो परत येत नाही.

याच भेटींत चाळणीही लावायची असते. कधी काही दिवस झोप अगदी कमी लागून अंगात भलताच उत्साह होता का, पैसे उधळले का, बोलणं थांबत नव्हतं का, हे घरच्यांनाही विचारायचं. उत्तर ‘हो’ आलं तर हे साधं नैराश्य नसून द्विध्रुवी आजार असू शकतो आणि आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ च्या तपासण्या केलेल्या असाव्यात. थायरॉइड मंद असलेल्या बाईला आठवणींवर काम करायला लावून तिचा थकवा जाणार नाही. दारूचं प्रमाण स्पष्ट विचारायचं. गोव्यात ‘थोडी थोडी’ या उत्तरात पाव बाटली सहज मावते, म्हणून दहा प्रश्नांची ऑडिट चाचणी भरून घेतो. आठ किंवा अधिक गुण आले की दारूचा विचार वेगळा करावा लागतो. ताणाच्या वेळी माणूस स्वतःपासून तुटून जातो का, हे तपासायला २८ प्रश्नांची डीईएस चाचणी आहे. तिची सरासरी तिशीच्या पुढे गेली तर घाईनं आठवणीत शिरायचं नाही. फिट येत असतील, डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा पडद्याचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डोळे फिरवायचे नाहीत. तळहातांवर आळीपाळीनं हलकी थाप देऊनही काम करता येतं.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची चाचणी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्य सोडून काहीही आलं की आम्ही आडपडदा न ठेवता पुढचं विचारतो: कसं करायचं ठरवलंय, साधन घरात आहे का, कधी. बेत ठरलेला असेल तर आठवणींचं काम थांबतं आणि माणूस एकटा न राहता बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा जवळच्या रुग्णालयात पोहोचेल हे पाहिलं जातं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच भेटीत आम्ही समोर बसून भरून घेतो.

औषधांबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते सहा आठवडे लागतात. गोळी बदलली किंवा डोस वाढवला आणि त्याच आठवड्यात आठवणींचं कामही सुरू केलं, तर बरं वाटलं ते कशानं आणि बिघडलं ते कशानं, काहीच कळत नाही. डॉक्टरांशी बोलून एका वेळी एकच बदल करायचा. दुसरी अडचण लोराझेपाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांची. सकाळी गोळी घेऊन आलेल्या माणसाची नजर बोटांमागे रेंगाळत येते, भावना वर येत नाही आणि तासभर काम होऊनही हाती फारसं लागत नाही. वेळ बदलता येईल का, हे लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. स्वतःच्या मनानं या गोळ्या एकदम बंद करणं धोक्याचं असतं, फिटसुद्धा येऊ शकते. ईएमडीआर सुरू झालं म्हणून नैराश्याची गोळीही सोडायची नाही. हे दोनदा सांगितलं तरी घरचं कुणीतरी ‘आता गोळ्या कशाला’ म्हणतंच, म्हणून घरच्यांनाही बोलावून सांगावं लागतं.

त्यानंतर तयारी. सुरक्षित वाटणारी जागा मनात आणायला सांगतात हे अनेकांनी ऐकलेलं असतं. नैराश्यात ही पायरी अडते. ‘अशी जागाच नाही’ हे उत्तर नेहमीचं, आणि आग्रह केला तर माणसाला आणखी एका गोष्टीत नापास झाल्यासारखं वाटतं. तेव्हा जागेचा हट्ट सोडून एखादी क्षणभराची गोष्ट घ्यायची: कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पाटाच्या पाण्यात पाय सोडले तेव्हाचा गारवा, पेटीवर बसलेली बोटं, देवळातला संध्याकाळचा घंटानाद. त्यावर हळू आणि लहान, सहा ते आठ फेऱ्यांचे संच (फेरी म्हणजे एकदा इकडून तिकडे आणि परत). स्वतःच्या हातांनी करायचा बटरफ्लाय हग इथेच शिकवतो. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे, बोटं खांद्यांखाली, आणि आळीपाळीनं थाप. मेक्सिकोत १९९७ च्या वादळातून वाचलेल्या मुलांबरोबर काम करताना तो पुढे आला. थांबायचं असेल तर हात वर करायचा, ही खूण आम्ही एकदा प्रत्यक्ष करून घेतो. ‘थांबा’ म्हणायची सवय नसलेल्या माणसाला ती नुसती सांगून भागत नाही.

आता आठवणीचं मोजमाप. सर्वांत बोचणारं चित्र, त्यासोबत स्वतःबद्दलचं वाईट वाक्य, त्याच्या जागी काय वाटायला हवं ते वाक्य, भावना, त्रास ० ते १० वर किती, आणि शरीरात कुठे. वर सांगितलेल्या माणसाचं वाक्य असेल ‘मी काही कामाचा नाही’. चांगलं वाक्य निवडताना उत्साही थेरपिस्ट इथे हमखास घसरतो. ‘मी समर्थ आहे’ असं काही सुचवलं की नैराश्यातला माणूस त्याला ‘किती खरं वाटतं’ याच्या १ ते ७ च्या मापावर १ देतो आणि मनातून उठून जातो. ‘माझ्याकडून होईल तेवढं मी केलं’ हे त्याला पटण्याच्या टप्प्यात असतं. तो २ म्हणाला तरी पुरे. वाक्य त्याच्या घरच्या बोलीत हवं. प्रसंग कोंकणीत घडला असेल तर वाक्यही कोंकणीत.

त्रासाचा आकडा नैराश्यात फसवतो. माणूस सपाट आवाजात ‘दोन’ सांगतो आणि आपल्याला वाटतं आठवण फार जड नाही. खरं तर तिथे बधिरपणा असतो. अशा वेळी आकडा सोडून शरीराकडे जायचं: हात गार आहेत का, गळा आवळलाय का, पोटात काही आहे का. बधिरपणा हीच जाणीव धरून पहिला संच करायचा. दोन-तीन संचांनंतर आकडा दोनाचा सहा झाला तर काम बिघडलं असं समजू नये, ते सुरू झालं.

प्रत्यक्ष बसणं असं. खुर्च्या अगदी समोरासमोर नकोत, गुडघे एकमेकांच्या बाजूनं जातील अशा तिरक्या. दोन बोटं चेहऱ्यापासून साधारण ३० ते ३५ सेंटिमीटरवर. अंतर त्यानं ठरवायचं. मान स्थिर, फक्त डोळे. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायच्या, आणि वरचा पंखा थेट तोंडावर येत असेल तर खुर्ची सरकवायची, नाहीतर दहा मिनिटांत डोळे चुरचुरायला लागतात. एका संचात चोवीसच्या आसपास फेऱ्या, म्हणजे जवळपास अर्धा मिनिट. मग ‘सोडून द्या, श्वास घ्या, आता काय येतंय?’ पहिल्या संचांना उत्तर येतं, ‘कितेंच ना’, म्हणजे काहीच नाही. पण आपण चेहरा पाहिलेला असतो. डाव्या टोकाला जाताना नजर दर वेळी थोडी अडखळते, गळ्याची घाटी वर-खाली होते, अंगठा तर्जनीच्या नखावर घासत राहतो. ‘बरं, त्याच्याच सोबत राहा,’ एवढंच म्हणून पुढचा संच. चौथ्या-पाचव्याला तो म्हणतो, ‘मुलाच्या चपला दिसतात’. तिथून वाट उघडते. तेव्हा ‘चपला म्हणजे तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणारा थेरपिस्ट सगळं घालवून बसतो. बोलायला लावलं की माणूस डोक्यात परत जातो.

वेगाचा मुद्दा लहान नाही. आठवण मनात धरणं आणि बोटांचा माग काढणं, दोन्ही एकदम करताना मनाची तात्पुरती स्मृती पुरत नाही, आणि आठवणीचा ठळकपणा उतरतो, अशी या परिणामाची एक चांगली तपासलेली उपपत्ती आहे. डोळ्यांच्या हालचालींमुळे वेगळी भर पडते, असं ली आणि कॉईपर्स यांच्या २०१३ च्या एकत्रित विश्लेषणातही दिसलं. याचा अर्थ वेग त्याला थोडं कष्ट पडतील इतका हवा. नैराश्यातला माणूस दमलेला दिसतो म्हणून आपण आपसूक हळू होतो. तो सुखात बसतो आणि आठवण जशीच्या तशी राहते. पहिले दोन संच त्याच्या चालीनं, मग सेकंदाला साधारण एक पूर्ण फेरी, जमलं तर थोडं जास्त.

दोन-तीन संच तेच चित्र, तोच आकडा राहिला तर आधी दिशा तिरकी करून किंवा वेग बदलून पाहायचं. तरी हललं नाही तर मध्ये एक छोटा प्रश्न: ‘तुमच्या भावाच्या अंगणात ती माणसं आली असती तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता?’ आणि लगेच पुढचा संच, चर्चा नाही. एवढ्यानंही अडलं तर खाली बहुधा दुसरं वाक्य दडलेलं असतं. ‘मी बरा झालो तर पुन्हा कर्ज काढायला लावतील.’ ‘मी हसले तर गेलेल्या माणसाचा विसर पडला असं होईल.’ हे वाक्य बाहेर काढून त्याच्यावर वेगळं काम करेपर्यंत पुढची हालचाल व्यर्थ.

आणि काही वेळा आठवणी मोकळ्या होऊनही माणूस बरा होत नाही, कारण त्रास चालूच असतो. नवरा अजून मारतोय, वसुलीचे फोन अजून येताहेत, नवरा जहाजावर आणि सासरी तिला एकटं पाडलंय. अशा वेळी आधी आजचं संकट हाताळायला हवं: महिला हेल्पलाइन १८१, कर्जाची फेररचना, माहेरची साथ. आठवण धुऊन काढायची आणि घरी रोज तीच पुन्हा लिहिली जायची, यात माणसाचा उपचारावरचा विश्वासच संपतो. कुणी देवळात कौल घेऊन आलेला असतो. तो त्याचा आधार आहे. आम्ही त्याला हात लावत नाही, फक्त गोळ्या आणि भेटी चुकणार नाहीत एवढं मागतो.

भेट ६० ते ९० मिनिटांची, आठवड्यातून एकदा. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवावीच लागतात. आठवण अर्धवट राहिली असेल तर नवीन चांगलं वाक्य बसवायची घाई करायची नाही. तिला मनातल्या पेटीत ठेवून पाय जमिनीवर, खोलीतल्या पाच वस्तू, पाणी. त्यानंतर अर्धा तास दुचाकीला हात लावायचा नाही, हा आमचा कडक नियम आहे. इथे जवळजवळ सगळेच स्कूटरवर येतात, आणि काम झाल्यावर माणसाचं लक्ष रस्त्यावर नसतं. वाळपई किंवा काणकोणहून येणाऱ्याला शेवटची बस पकडायची असेल तर भेट दुपारीच ठेवतो. बसच्या काळजीत शेवटची पंधरा मिनिटं वाहून जातात आणि माणूस उघड्या जखमेसह घरी पोचतो.

पुढचे दोन-तीन दिवस स्वप्नं पडणं, अचानक रडू येणं, जुन्या गोष्टी आठवणं होतं. आधी सांगितलं नसेल तर माणूस ‘यानं वाढलंच’ म्हणून सोडतो, आणि सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. छोट्या वहीत रोज दोन ओळी लिहायच्या: काय घडलं, शरीरात काय वाटलं. विश्लेषण नको. त्या संध्याकाळी दारू नको. गणेश चवथीच्या आधीच्या आठवड्यात किंवा घरात लग्न असताना नवी आठवण उघडत नाही. घर माणसांनी भरलेलं असतं, रडायला जागा नसते आणि पुढची भेट हटकून चुकते.

थेरपिस्टचं शिक्षणही बघावं. अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेच्या निकषात मूलभूत प्रशिक्षण म्हणजे २० तास शिकणं, २० तास देखरेखीखाली सराव आणि १० तास अनुभवी व्यक्तीशी केसबद्दल सल्लामसलत. तुमच्या थेरपिस्टला हे विचारायला लाजू नका. पडद्यावर सरकणारा ठिपका दाखवणारे व्हिडिओ घरी एकट्यानं बघून नैराश्यातल्या आठवणी उघडणं मात्र टाळा. संच उघडतो कसा हे तो ठिपका दाखवतो, मिटायचा कसा ते दाखवत नाही.

प्रगती पीएचक्यू-९ वर दर दोन आठवड्यांनी मोजतो, कारण प्रश्न मागच्या दोन आठवड्यांचेच असतात. पाच गुणांची उतरण म्हणजे खरा फरक. सुरुवातीच्या निम्म्यावर येणं चांगलं, पण पाचाच्या खाली येईपर्यंत आम्ही काम संपलं म्हणत नाही. उरलेली लक्षणं आजार परत आणतात. चार ते सहा कामाच्या भेटींत आकडा जागचा हलला नाही तर आठवणीची निवड, औषधं, दारू आणि निदान, सगळं पुन्हा तपासायचं. त्यातही काही सापडलं नाही तर उपचार बदलायचा.

जुन्या आठवणी शून्यावर आल्या की आजचे चटके घेतो: बँकेचं पाकीट, ट्रकचा आवाज, शेजाऱ्याचा प्रश्न. आणि मग पुढचे प्रसंग. त्या माणसाला मुलाच्या लग्नाची बोलणी करायला जायचं आहे. समोरचे लोक ‘तुम्ही काय करता?’ विचारतील. तो प्रसंग चित्रपटासारखा सुरुवातीपासून शेवटपर्यंत मनात चालवायचा, जिथे अंग आवळतं तिथे थांबून संच करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एकदाही न अडखळता पार पडला की भेटी पंधरवड्यावर, मग महिन्यावर. शेवटच्या भेटीत त्याच्याच हातानं कागदावर लिहून घेतो: झोप पहाटे तीनला मोडायला लागली, जेवण अर्धं राहायला लागलं, फोन उचलावासा वाटेना, तर दोन आठवडे न थांबता कुणाला फोन करायचा. त्या कागदाची एक प्रत घरी कपाटाच्या आतल्या बाजूला, एक बायकोकडे.